घामाला आलेली फुलं

"ए म्हाताऱ्या, पेटी उघड आणि गिटार पुसून ठेव. भाऊजी आल्यावर मग धावपळ नको. आणि खाली वाकू नकोस! खुर्चीवर बसून पूस. एक खुबा मोडून घेतलास तेवढा पुरे," आबोंग दारातून ओरडली. खांद्याला बाजाराची पिशवी, एका पायात चप्पल, दुसरी कुठे सरकली ती शोधत तिचं बोलणं चालूच.

"जा गं तू. आणि मासा नीट बघून घे. मागच्यासारखा डोळे गेलेला आणू नकोस."

"डोळे गेलेला माझ्या घरात एक आहे, तेवढा बास झाला," असं म्हणून ती जिना उतरलीसुद्धा.

हायसान हसला. पाय ओढत तो आतल्या खोलीत गेला. पलंगावर गिटारची लांब काळी पेटी होती. खालच्या दुकानदाराने कालच ती कपाटावरून उतरवून दिली होती. पेटीच्या कड्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या. गरम झऱ्यांच्या बेइतोत राहायचं तर त्याची तक्रार करून उपयोग नाही. डोंगरातून गंधकाची वाफ रात्रंदिवस येते, पितळ काळं पडतं, चांदी काळी पडते, नवाकोरा टीव्ही चार उन्हाळे काढत नाही. या वाफेतसुद्धा एक वस्तू त्याने जन्मभर जशीच्या तशी ठेवली होती, आणि आज ती तिच्या मालकाला परत करायची होती. त्याने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा पुसले आणि कड्या उघडल्या.

आत गिटार प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती, वर गुलाबी सुतळी. ही आबोंगची गाठ. ती कुणाच्या बापाला सुटायची नाही. त्याने कात्रीने सुतळी कापली. पुढच्या बाजूचं प्लास्टिक जरा कुरकुर करत निघालं. मग त्याने गिटार पालथी केली आणि पाठीवरचं ओढलं, तर चर्रर्र आवाज झाला. केसाळ हातावरची चिकटपट्टी ओढावी तसा.

हायसानने गिटार उजेडाकडे धरली.

गिटारच्या पाठीवर फुलं उमटली होती. पाच पाकळ्यांची, देठासकट, ओळीने. जेवणाच्या टेबलावर घालतात ते जाड, नक्षीचं, आरपार दिसणारं प्लास्टिक होतं ते. त्याची नक्षी जशीच्या तशी पॉलिशमध्ये रुतली होती. त्याने अंगठा टेकवला तर अंगठ्याचा ठसा उठला. पॉलिश मऊ पडलं होतं. कडेचा काळसर तांबडा रंग आणि मधला मधासारखा पिवळा एकमेकांत ओघळले होते. तो झटकन फडकं घेऊन पुसायला गेला, तर फडक्याचे धागेच त्यात चिकटून बसले. मग मात्र त्याने हात मागे घेतला आणि पलंगाच्या कडेला मटकन बसला.

वेनलुंगदादा दुपारी जेवायला येणार होता. आर्जेंटिनाहून. वाडवडिलांच्या थडग्यांवरचं गवत काढायला म्हणून आला होता, आणि फोनवर म्हणाला होता, "आता पुन्हा येणं होईल असं वाटत नाही रे."

या वेनलुंगची ओळख करून द्यायला हवी. बेइतोच्या गरम पाण्याच्या हॉटेलांतून एके काळी वाजवणाऱ्यांची टोळकी फिरायची. या खोलीत दोन गाणी, त्या खोलीत चार. पाहुणे जेवतायत, पितायत, गाताहेत आणि हे त्यांच्यामागे वाजवताहेत. 'नाकाशी' म्हणायचे त्याला, जपानी शब्द. वेनलुंग अकॉर्डियन वाजवायचा आणि टोळीचा म्होरक्या होता. गाणारी एक बाई होती आणि विजेवरच्या बेस गिटारवर हायसान. गिटार मात्र वेनलुंगची. कुणा जपानी पाहुण्याकडून त्याने ती मिळवली होती. उभ्या बेइतोत तशी दुसरी नव्हती. एका हॉटेलातून दुसऱ्यात जायचं ते मोटारसायकलवर, मागे बसून, गिटार छातीशी धरून.

मग धंदा बसला. हॉटेलं ओस पडली, आणि वेनलुंग बायको-मुलीला घेऊन जगाच्या दुसऱ्या टोकाला निघाला. विमानतळावर हायसान गिटार घेऊन गेला होता, द्यायला. वेनलुंगच्या दोन्ही हातांत बॅगा, पाठीवर अकॉर्डियन, पायाशी रडणारी पोर. त्याने एकदा गिटारकडे पाहिलं आणि म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे."

झालं. टोळीत होता तेव्हाही हायसान ती जपायचाच, त्या दिवसापासून तर तळहातावरच्या फोडासारखी जपली. दुसऱ्याची वस्तू. आज ना उद्या तो येणार, आणि आली तशी परत करायची.

आणि देवाने खोडी काढावी तशी, जपणाऱ्याला अंग दिलं होतं घामाचं. घाम म्हणजे नुसता घाम नव्हे, आम्लच. हायसानच्या मनगटावर घड्याळाची पट्टी टिकली नाही. तारा तर आज लावल्या की चार दिवसांत गंजून खरखरीत. त्यात वाजवायचं कुठे, तर वाफेने भरलेल्या खोल्यांत. वाजवताना उजवा हात गिटारच्या अंगावर टेकतो, तिथलंच पॉलिश सगळ्यात आधी जातं. दुसऱ्या वाजवणाऱ्यांच्या गिटारींना तिथे लाकूड उघडं पडलेलं असायचं, आणि ते वर मिरवायचे. हायसानला ते बघून अंगावर काटा यायचा.

म्हणून त्याने अगदी पहिल्यापासून नाना युक्त्या केल्या. प्रत्येक गाण्यानंतर जुन्या लंगोटाच्या मऊ फडक्याने गिटार पुसायची. फडकं रोज धुवायचं, कारण मळक्या फडक्याने चरे पडतात. पॅंटच्या पट्ट्याचं बक्कल पोटावर न ठेवता कमरेच्या बाजूला फिरवायचं, नाहीतर ते गिटारच्या पाठीला घासतं. पाहुणे हसायचे. "मास्तर, तुमचा पट्टा कुठे चाललाय?" विचारायचे. गिटार उभी करायच्या घोडीला रबर होतं. रबराने पॉलिश वितळतं असं एका जुन्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, तर त्याने घोडीलाही फडकी गुंडाळली.

आणि बाही. बाहीची गोष्ट म्हणजे आबोंगचीच गोष्ट.

आबोंग तेव्हा एका हॉटेलात चादरी धुवायची. आईबापांना मुलीवर मुली झाल्या, ही झाली तेव्हा बाप म्हणाला, आता आलीच आहे तर असू दे, वाढवू. तेच नाव पडलं. बोंग म्हणजे तेच, राहू दे, चालवून घेऊ. असं नाव घेऊन मिरवायचं म्हणजे जीभ तिखट असावीच लागते, आणि ती होती. एकदा जिन्यात, उजवा हात गिटारला टेकू न देता अधांतरी धरून वाजवून आलेला हायसान कोपरापासून घाम निथळत उभा होता, फडक्याने हात पुसतोय, गिटार पुसतोय, पुन्हा हात पुसतोय. आबोंग धुण्याची टोपली घेऊन चालली होती. ती थांबली.

"काय रे, गिटार वाजवतोस की तिला आंघोळ घालतोस?"

मग तिने आपल्या हातातली फुलाफुलांची बाही काढली. धुण्याच्या, बाजारच्या, शेतातल्या बायका मनगटापासून कोपरापर्यंत घालतात ती, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. त्याच्या हातावर चढवली आणि म्हणाली, "एक तुला, एक मला. हरवलीस तर बघ."

त्याने हरवली नाही. काळा सूट, बो टाय, आणि उजव्या हातावर लाल-पिवळ्या फुलांची बाही, असा तो त्यानंतर आयुष्यभर वाजवत राहिला. लोकांनी त्याला 'भाजीवाली' म्हटलं. म्हणू देत. बाही विटली की आबोंग नवी जोडी शिवायची. एक त्याला वाजवायला, एक तिला कढईपुढे उभं राहायला. लग्न, संसार, हॉटेलं बंद पडल्यावर देवळापुढची आणि बागेतली म्हाताऱ्यांची गाणी, सगळ्यातून तो त्या बाहीनिशी गेला, आणि गिटारवर एक डाग पडला नाही.

आणि आता हे. जन्मभर वाजवून जे झालं नाही, ते नुसतं सांभाळून ठेवल्याने झालं.

गेल्या पावसाळ्यात तो ओल्या जिन्यावरून पडला आणि इस्पितळात गेला. त्याच आठवड्यात तुफान आलं. छप्पर गळलं, घरात घोट्याएवढं पाणी. आबोंग एकटी. दुसऱ्या दिवशी सूपाचा डबा घेऊन ती इस्पितळात आली, केस पिंजारलेले, गुडघ्याला खरचटलेलं, आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "तुझी गिटार सुखरूप आहे. प्लास्टिकमध्ये बांधून कपाटावर ठेवली." टीव्ही गेला, स्पीकर गेला, तिची माहेरची रजाई भिजून कुजली, हे सगळं नंतर, हळूहळू, विचारलं तेव्हा कळलं. त्या दिवशी हायसान खाटेवर पडल्या पडल्या रडला होता. नर्सला वाटलं खुबा दुखतोय.

रबराने पॉलिश वितळतं हे त्याला ठाऊक होतं. प्लास्टिकही त्यातलंच, हे त्याने तिला कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. मग तिचा काय दोष? आणि आज पाहुण्यासमोर तिला हे कळलं, तर ती काही बोलणार नाही, नुसती स्वयंपाकघरात जाईल आणि नळ सोडून उभी राहील. ते त्याला बघवलं नसतं.

त्याने ठरवून टाकलं. माझा घाम लागला, म्हणायचं. संपलं. एवीतेवी त्याच्या घामाची कीर्ती गावभर होती. त्याने प्लास्टिकची घडी केली आणि गादीखाली सारली.

आबोंग परत आली ती थेट खोलीत डोकावली. "पुसलीस? आणि ते प्लास्टिक कुठंय?"

"कुठलं?"

"अरे, गिटारचं! चांगलं जाड आहे ते. धुऊन शेवयांच्या पिठावर घालीन."

"टाकलं."

"टाकलं? कुठे टाकलंस? कचऱ्याची गाडी तर संध्याकाळी येते!" तिने कपाळावर हात मारला. "चांगल्या वस्तू टाकायला बरे हात चालतात तुझे," म्हणत ती माशाचे खवले काढायला बसली. हायसानचा जीव भांड्यात पडला, पण भांडं काही फार भक्कम नव्हतं.

वेनलुंग आला तो जिन्यापासूनच हाका मारत. पूर्वीचा धिप्पाड माणूस आता कोटाच्या आत हरवला होता. डोक्यावर केस नव्हते, पण आवाज तोच. "भाजीवाली! आहेस का घरात?"

"दादा!" हायसान काठी टाकून पुढे झाला. दोघांनी एकमेकांचे दंड धरले आणि बराच वेळ नुसते हलवत राहिले. 

"पुरे हो, खुबा निघेल त्याचा," आबोंग म्हणाली. "बसा भाऊजी."

वेनलुंग सोफ्यावर बसला तसं सोफ्यावरचं प्लास्टिक करकरलं. तो पुन्हा उठला, वाकून बघितलं आणि मोठ्याने हसला. "वहिनी, हा सोफा माझ्या आठवणीतला! अजून प्लास्टिक काढलं नाहीत?"

"काढलं की वस्तू खराब होते," आबोंग ठामपणे म्हणाली.

हायसानने खोकून चहा ओतला.

वेनलुंगने भेट आणली होती, तिकडच्या चामड्याचा पट्टा. बक्कल कसलं, बशीच होती. "घाल, घाल, बघू दे." हायसानने पट्टा घातला, आणि सवयीने बक्कल सर्रकन कमरेच्या बाजूला फिरवलं.

"अरे! अजून?" वेनलुंग बघतच राहिला. "इतका मोठा तिकडून आणला, तो काय मागच्या शेजाऱ्यांना दाखवायला?"

जेवताना गप्पांना ऊत आला. कोवळ्या बांबूचं सूप, तिळाच्या तेलातली कोंबडी, तळलेल्या शेवया, आणि बाजारातला तो मासा, ज्याचे डोळे आबोंगने मुद्दाम हायसानच्या पानात वाढले. "बघ, चांगले आहेत ना?" वेनलुंग खाता खाता मधेच थांबायचा, डोळे मिटायचा. तिकडे त्याने कोपऱ्यावर किराण्याचं दुकान काढलं होतं. आता मुलगी बघते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. हे सगळं त्याने भावाने सांगावं तसं सांगितलं, काही न लपवता.

मग त्याने चॉपस्टिक खाली ठेवल्या. "आण की तिला. बघू दे."

हायसान उठला. आत जाऊन गिटार घेऊन आला. पुढची बाजू वर. खिडकीतल्या उजेडात ती अशी चमकली की वेनलुंगने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा. ही तर... ही तर कालच घेतल्यासारखी आहे."

इथेच थांबता आलं असतं. कुणी पालथी करून बघायला सांगितलं नव्हतं. पण हायसान तसा माणूस नव्हता. त्याने खुर्चीवर टॉवेल अंथरला आणि गिटार आपल्या हाताने पालथी ठेवली.

"दादा, दिलीस तशी परत देता येत नाही. पाठ खराब झाली. माझा घाम लागला. चूक माझी आहे, आणि मला लाज वाटते." त्याने मान खाली घातली.

आबोंग सुपाचं भांडं घेऊन उभी होती. तिने भांडं ठेवलं, चष्मा नाकावर सारला आणि जवळ आली. बोटाने एका फुलाची कड चाचपली.

"घामाला फुलं कधीपासून यायला लागली रे?"

"अगं, ते..."

तिने ऐकून घेतलं नाही. ती जेवणाच्या टेबलाकडे वळली. माशाची थाळी बाजूला केली. खाली तेच प्लास्टिक, त्याच गठ्ठ्यातलं, पाच पाकळ्या, देठासकट. तिने टेबलावरचं फूल बघितलं, गिटारवरचं बघितलं. मग हळूच खुर्चीत बसली. तिखट जिभेची आबोंग, पण आवाज इतका बारीक निघाला की दोघांना पुढे वाकावं लागलं.

"मी केलं हे. आयुष्यभर तू... फडकी काय, बाह्या काय. आणि मी एका पावसाळ्यात..."

"तू केलंस म्हणून ती आहे!" हायसान एकदम ओरडला. आयुष्यात तो तिच्यावर कधी असा ओरडला नव्हता. "दादा, ऐक. तुफानात घरात पाणी. मी इस्पितळात. ही एकटी स्टुलावर चढली, या वयात, अंधारात. टीव्ही सोडला, रजाई सोडली, आईची रजाई! आणि ही पेटी वर ठेवली. नाहीतर आज तुला द्यायला काही उरलंच नसतं. फुलं तर फुलं. माझ्या हातावर जन्मभर हिचीच फुलं होती. आता गिटारवर आली. मी कुणाचं ऐकून घेणार नाही."

आबोंगने टेबलावरचा कागदी रुमाल घेतला आणि नाक पुसलं.

वेनलुंग मात्र गोंधळून दोघांकडे बघत होता. "एक मिनिट. मला द्यायला म्हणजे?"

"म्हणजे काय? तुझी गिटार. न्यायला आलास ना?"

"मी? अरे, मी तुला बघायला आलो! गिटार मी तुला देऊन गेलो होतो!"

हायसानने पंख्याच्या घरघरीत कान पुढे केला.

"देऊन? कधी?"

"विमानतळावर! म्हणालो नव्हतो, राहू दे तुझ्याकडे?"

"राहू दे म्हणजे ठेव ना सांभाळून!"

"राहू दे म्हणजे तुझी झाली! तिथं अजून काय करायचं होतं, ढोल वाजवायचे होते?"

हायसानचा चेहरा लाल झाला. "मग नीट बोलायचं होतं! 'घे' म्हणायचं! राहू दे ही काय बोलायची रीत झाली? घर सोडताना लोक मांजराबद्दलसुद्धा राहू दे म्हणतात! माणसं मला भाजीवाली म्हणाली, दादा. पट्टा कमरेला घातला. एकदा मोटारसायकल घसरली तेव्हा गिटार वर धरून मी स्वतः चिखलात पडलो. दर नववर्षाला तुला कार्ड पाठवलं, तुझी गिटार उत्तम आहे म्हणून. तेव्हा का नाही कळवलंस?"

"मला वाटलं, तू मायेने म्हणतोस," वेनलुंग म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "तुझी गिटार उत्तम आहे. बास, तेवढंच असायचं कार्डावर. हायसान, तिकडे पहिल्याच हिवाळ्यात मी अकॉर्डियन विकलं. दुकान दोनदा लुटलं गेलं. भाषा येत नव्हती, लोक तोंडावर हसायचे. आणि वर्षातून एकदा तुझं कार्ड यायचं. मी बायकोला वाचून दाखवायचो, बघ, बेइतोत आपलं काहीतरी अजून उत्तम आहे. ती शेवटची आजारी होती तेव्हा तिनेच विचारलं, कार्ड आलं का? गिटार बरी आहे ना?" त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "तू मला 'माझी गिटार' असं लिहिलं असतंस, तर माझं काय राहिलं असतं इथे?"

रागवायला तो उभा राहिला होता, तो तसाच उभा राहिला. माणसाने आपल्याला एवढं दिलं, आणि आपण त्याला एवढं दिलं, आणि दोघांनाही ठाऊक नाही. त्याला एकदम हसू आलं आणि हसताना रडू आलं.

"म्हणजे दोघेही ठार मूर्ख," आबोंग म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "राहू दे म्हणजे काय ते मला विचारायचं होतं. माझं नावच ते. मला तरी कुणी 'घे' म्हणालं होतं?"

"मी म्हणालो की," हायसान म्हणाला. "एक बाही दिली होतीस, मी तुझ्या बापाकडे जाऊन दुसरीही मागितली, हातासकट."

वेनलुंगने हात पुढे केला, गिटारच्या पाठीवर ठेवला. फुलांवरून बोटं फिरवली, एकेक पाकळी. "छान आहेत," तो म्हणाला. "पुन्हा पॉलिश करू नकोस. आणि आता नीट ऐक, पुन्हा भांडण नको. वहिनी, तुम्ही साक्षीदार." त्याने दोन्ही हातांनी गिटार उचलली, दोन्ही हातांनी हायसानपुढे धरली, आणि लहान पोराला सांगावं तसं सावकाश म्हणाला, "घे. तुझी आहे."

हायसानने मान झुकवून ती दोन्ही हातांनी घेतली.

"आता वाजव."

"स्पीकर तुफानात गेला, दादा. बिनस्पीकरची ऐकू काय येणार?"

"पंखा बंद करू."

आबोंगने पंखा बंद केला. खिडकीही लावली, खालून भाजीच्या गाडीचा भोंगा येत होता. खोलीत लगेच उकडायला लागलं. हायसान खुर्चीवर बसला, गिटार मांडीवर घेतली, आणि सवयीने उजवा हात बाजूला धरला. सवयीनेच आबोंग खुंटीवरची बाही घेऊन आली होती, इलॅस्टिक दोन्ही हातांनी ताणून, बाहीचं तोंड उघडं करून. इतक्या वर्षांत कुणाला काही सांगावं लागलं नव्हतं.

हायसानने त्या बाहीकडे पाहिलं. लाल-पिवळी फुलं, धुऊन धुऊन फिकी झालेली.

"राहू दे," तो म्हणाला.

त्याने उघडा हात गिटारच्या अंगावर टेकला. पहिल्यांदाच. पॉलिश गार होतं, गुळगुळीत. हे असं लागतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग त्याने वाजवायला सुरुवात केली. बोटं आखडली होती, दोनदा चुकली. आवाज इतका हलका की दोघे खुर्च्या ओढून जवळ आले. सूर लाकडातून ऐकू यावा म्हणून वेनलुंगने गिटारच्या शेंड्याला कपाळ टेकलं आणि फाटक्या आवाजात गुणगुणायला लागला, पहिल्या हॉटेलातल्या पहिल्या खोलीत ते नेहमी ज्याने सुरुवात करायचे तेच गाणं. आबोंगला सगळे शब्द पाठ होते. जिन्यात टोपली घेऊन उभी राहून तिने ते कितीदा ऐकले होते. तीही ओठ हलवत राहिली.

गाणं संपलं. हायसानने हात उचलला. जिथे हात टेकला होता, तिथे मधाच्या रंगावर घामाचा ओला पट्टा उमटला होता, कोपरापासून मनगटाजवळपर्यंत.

आबोंगचा हात लंगोटाच्या फडक्याकडे गेला. ती अर्धी उठलीसुद्धा. मग पुन्हा बसली. बाही तिने मांडीवर ठेवली, इलॅस्टिक नीट केलं आणि घडी घातली. ओला पट्टा कडेकडेने आटत होता, आणि तिघेही तो आटेपर्यंत बघत बसले.